हजेरीतलं तेविसावं नाव

मायच्या पुण्यानुमोदनाला जेवढी माणसं आली, तेवढी तिच्या हयातीत आमच्या दारात एका वेळी कधी आली नव्हती. ओढ्यापलीकडच्या गावातलीही आली. सतरंज्या सोसायटीच्या गोदामातून आणल्या होत्या, त्यांना खताचा वास येत होता. विहार लहान, वर पत्रा. निम्मी माणसं बाहेर लिंबाच्या सावलीत बसली.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीची एकतीस तारीख. सरकारी नोकर आणि मास्तरांच्या संपाचा तो एकोणपन्नासावा दिवस होता, हे मला वहिनीनं सांगितलं. आमच्या घरात दोन मास्तर, बाबा आणि बाबूभाऊ, आणि दोघंही संपावर. त्यामुळं दिवस मोजायचं काम तिच्याकडं आलं होतं. मी धाराशिवहून आलेली, दहा दिवस रजेवर. मला फक्त मायचे दिवस माहीत होते. ती जाऊन दहावा.

गावच्या शाळेला कुलूप होतं आणि त्याची किल्ली आमच्या घरात खुंटीला. बाबा हेडमास्तर. संप सुरू झाला त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली खुंटीला अडकवली. भाऊ उमरग्याच्या शिक्षक संघटनेचा सेक्रेटरी. बापलेक पहिल्यांदाच एका बाजूला आहेत, असं माय म्हणाली होती. तिला त्याचं बरं वाटत होतं.

पण दोन जानेवारीपासून बाबा रोज सकाळी सातवीची मुलं विहारात घेऊन बसू लागले. परीक्षा एप्रिलमध्ये, केंद्र लोहाऱ्याला. भाऊ चिडला होता. मग मायनं मध्ये पडून तोड काढली: हे घरचं आहे, चार पोरं पाढे म्हणायला येतात, शाळा नव्हे. भावानं उमरग्याला तसंच सांगितलं होतं, आणि उमरग्याच्या लोकांनी मान हलवली होती, कारण बाबांकडं बोट दाखवायला कोणी धजत नव्हतं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मायच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. तिचा एकटीचा फोटो नव्हताच खरं तर. भावाच्या लग्नातला घोळक्याचा होता, त्यातून तिला कापून मोठी केली होती, आणि तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. मग ज्यांना दोन शब्द बोलायचे होते ते उठू लागले. माणसं मायबद्दल बोलायला उठत आणि दोन वाक्यांत संपावर येत. एकजण म्हणाला, भिमाबाईंनी दुष्काळात किती जणांना भाकरी घातली, आणि आता मास्तर लोकांचीच भाकरी बंद झाली. दुसरा म्हणाला, बाई कधी स्वतःसाठी काही मागायच्या नाहीत, आजकाल ज्याला बघावं तो मागतोच आहे. मागून कोणीतरी खाकरलं. भावानं खाली बघितलं.

शेवटी धुळाप्पा उठला. घोंगडी त्यानं दाराबाहेर ठेवली होती.

"मला बोलाय येत न्हाय," तो म्हणाला. "मी मेंढरामागचा माणूस. पर एक गोष्ट सांगतो. आमची अयोध्या सातवीला हाय. शाळा बंद पडली, तवा मी तिला म्हनलं, आता चल मेंढरामागं, औंदा तुझं लगीन करून टाकू. तर ह्या बाई रानात आल्या. म्हनल्या, पोरगी पाठव, गुरुजी विहारात बसवत्यात. मी म्हनलं, पोरगी एकटी ओढा वलांडून कशी येईल. म्हनल्या, मी बसते तिच्यापाशी. अन् बसल्या. गावात चार लोक मला बोलले, कुठं पाठवतो पोरीला म्हनून. बोलू द्या. अहो, गुरुजी हजेरी घ्यायचे, त्यात बाईंचं बी नाव व्हतं. तेवीस नंबर. पोरगी रोज घरी येऊन सांगायची, आज बी माय हजर म्हनल्या."

तो तसाच खाली बसला.

पुढच्या रांगेत महालिंगप्पा साहेब बसले होते. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी, आमच्या बाजूच्या शाळा त्यांच्याकडं. पंधरा वर्षांपूर्वी ते बाबांच्या हाताखाली मास्तर होते, म्हणून फटफटीवर एवढ्या लांब आले होते. त्यांनी मान वर केली.

"हजेरी?" ते हलकेच म्हणाले.

भावानंही ते ऐकलं.

*

बाबूभावाला त्या वेळी काय वाटलं ते त्यानं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्याला पहिल्यांदा मायचा राग आला. मग मायचा राग यावा याची लाज वाटली, आणि मग बाबांचा राग आला, तो मात्र टिकला.

तो वाढायला उठला. वरण-भात, वांग्याची भाजी, थोडी खीर. पंगतीत भाताची पाटी घेऊन फिरताना तो मनात एकच हिशेब करत होता: उद्या उमरग्याला बैठक आहे. संप मोडायला लागलेल्यांची यादी वाचायची आहे. यादी आपल्या हातात आहे. चार पोरं पाढे म्हणतात, हे मी तिथं सांगितलं आहे. बावीस नावं, हजेरी, तारखा, खाली हेडमास्तराची सही. याला पाढे म्हणत नाहीत. याला शाळा म्हणतात.

बाबांना वाढायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "हजेरी कशाला घेतली?"

"भात नको," बाबा म्हणाले.

"बाबा, हजेरी कशाला घेतली?"

"नावं घेतल्याशिवाय मला शिकवायला सुरुवात करता येत न्हाय," बाबा म्हणाले. जसं कोणी सांगावं, की चष्म्याशिवाय मला दिसत नाही.

भाऊ म्हणतो, ते खरं होतं आणि म्हणूनच त्याला ओरडावंसं वाटलं. एकतीस वर्षांच्या सवयीनं या माणसानं स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवला होता. रोज, सुंदर अक्षरात, न चुकता.

*

जेवणं उरकून माणसं पांगली. घरच्या ओसरीवर आम्ही उरलो: बाबा, भाऊ, थोरले चुलते पिराजीआण्णा, महालिंगप्पा साहेब. वहिनी चुलीपाशी भांडी गोळा करत होती, पण तिचा कान बाहेर होता. मी उंबऱ्यात. धुळाप्पा आणि अयोध्या अंगणात थांबले होते; आपण काहीतरी वावगं बोलून गेलो एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

"बघू तरी गुरुजी," साहेब म्हणाले.

बाबांनी विहारातून पुस्तक आणलं. गेल्या सालचं कोरं राहिलेलं हजेरीपत्रक. वर छापील अक्षरं, शाळेचं नाव, इयत्ता सातवी. साहेबांनी ते मांडीवर उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. तपासणीची सवय त्यांच्याही हाताला होती. बोट प्रत्येक ओळीवरून सरकत होतं.

"गुरुजी, हे तुम्ही फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "तुम्हाला कल्पना नाही किती चांगलं केलंत."

"म्हंजी?" आण्णांनी विचारलं.

"सांगतो. वरून मला रोज विचारणा होते, तुमच्या भागात किती शाळा सुरू. मी रोज लिहितो, निरंक. आणि संपावरच्या माणसांच्या सेवेत खंड धरायचा असं चाललंय. गुरुजींच्या रिटायरमेंटला राहिले सोळा महिने. आता खंड पडला तर पेन्शनीचं काय होईल, मलाही सांगता यायचं नाही." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "पण हे पुस्तक म्हणजे गुरुजी कामावर होते. शाळेत नाही तर विहारात. इमारत नादुरुस्त होती म्हणून दुसरीकडं वर्ग भरवला, असं मी लिहीन. खोटं नाहीच ते, तुमच्या शाळेचा पत्रा गळतोय तीन वर्षं. जानेवारीचा पगार निघेल. खंड नाही."

आतली भांडी वाजायची थांबली.

"साहेब," भाऊ म्हणाला, "आणि परवाच्या पेपरात येईल, संघटनेच्या सेक्रेटरीच्या बापानं संप मोडला."

"येईल. मी नाही कशाला म्हणू."

"मग मी त्या बैठकीत कुठल्या तोंडानं बसू?"

"बाबूराव, तुम्ही तरुण आहात. रोज पत्रं येतात पेपरात, वाचता ना? गुरुजी आता गुरुजी राहिले नाहीत. पोरं वाऱ्यावर सोडून पगार वाढवून मागतात. लोकांना हे पुस्तक दाखवलं तर तुमचीच अब्रू राहील."

"अब्रू," भाऊ म्हणाला. "एका खोलीत चार वर्ग बसवतो आम्ही. जनगणना आम्ही करायची, गुरं आम्ही मोजायची, मतपेट्या आम्ही वाहायच्या. दोन वर्षांमागं नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेस आणा म्हणून पगार अडवून ठेवला, तेव्हा हे पत्रं लिहिणारे कुठं होते? तेव्हा आम्ही गुरुजी होतो का?"

"मी तुमच्याशी वाद घालत नाही. मी नोकर माणूस."

"आम्हीपण नोकर माणसंच, साहेब. तेच तर सांगतोय."

पिराजीआण्णा इतका वेळ पानाला चुना लावत होते. लावून झाला तरी त्यांनी पान तोंडात घातलं नाही.

"बाबू, तुझं झालं का बोलून?" त्यांनी विचारलं. "आता माझं ऐक. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. माझी सून सात महिन्यांची पोटुशी असताना पाटी उचलत व्हती. तवा तुझ्या बापाचा पगार एक तारीख चुकला न्हाय. मी त्याला कधी बोललो का? न्हाय. का? ती नोकरी एकट्याची न्हाय म्हनून. ह्याला धाराशिवला शिकाय ठेवला, तवा मी पाटलाच्या इहिरीवर चार साल गडी व्हतो. त्या नोकरीत माझी चार सालं हायत. ती तुम्ही असल्या संपाच्या नादात उडवणार, अन् मला इचारणार बी न्हाय."

बाबा पहिल्यांदा बोलले. "खरं हाय, आण्णा."

"खरं हाय म्हनून भागत न्हाय. साहेब लिहून देत्यात, घे."

भाऊ उठून अंगणात गेला आणि परत आला. मी माझ्या जागेवरून त्याचं तोंड पाहिलं. लहानपणी शाळेत बाबा त्याला इतर मुलांपेक्षा एक छडी जास्त मारायचे, हेडमास्तराचा मुलगा म्हणून. ते तोंड तसंच होतं.

"एक किरकोळ बाब आहे," साहेब म्हणाले आणि पुस्तक बाबांकडं वळवलं. "हे तेविसावं नाव."

त्यांचं बोट त्या ओळीवर टेकलं होतं.

"शाळेच्या हजेरीत पन्नाशीच्या बाईचं नाव कसं दाखवणार? वरचे लोक म्हणतील, हे पुस्तक बनावट आहे. सगळंच खोटं ठरेल. एवढी एक ओळ खोडा. लाल शाईनं आडवी रेघ, बाजूला सही. बाकी मी बघतो." त्यांचा आवाज खाली आला. "आजच्या दिवशी सांगायला नको होतं मी. पण महिना आज संपतोय. उद्या मला रिपोर्ट द्यायचाय."

*

वहिनी चुलीपाशी हात तसेच ठेवून बसली होती. राख लावलेला तांब्या तिच्या हातात होता.

तिला पगार हवा होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि तिनं ते लपवलंही नव्हतं. दोन पगारांचं घर, दोन्ही बंद. किराणावाला आता तिला बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचा. धाकट्याला खोकला, त्याचं औषध तिनं दोनदा उमरग्याहून येणाऱ्या नवऱ्याला आठवणीनं सांगितलं होतं आणि दोनदा तो संघटनेची पत्रकं घेऊन आला होता. साहेब बोलत होते तेव्हा तिनं मनातल्या मनात सासऱ्यांना म्हटलं होतं, घ्या, मामा, घ्या.

पण तेवीस नंबर तिच्या डोक्यातून जात नव्हता.

माय, तिच्या आत्या, रोज सकाळी तिला सांगून जायच्या, विहार झाडून येते. आणि दोन-दोन तास यायच्या नाहीत. सकाळची वेळ, भाकरी, पाणी, दोन पोरं, म्हशीचं शेण. वहिनीच्या तोंडाला येऊन परत जायचं, की एवढंसं विहार, झाडायला दोन तास? एकदा तिनं म्हटलंच. आत्या हसल्या आणि म्हणाल्या, कोपरे लई हायत त्याला.

वहिनी चौथी शिकलेली. पाचवीला शाळा लांब होती आणि घरात पाठची तीन भावंडं होती. हे तिनं या घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांच्या घरात आलेली सून, तिला येतच असणार सगळं, असं सगळे धरून चालले होते.

तिनं तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि बाहेर आली. सासऱ्यांसमोर ती ओसरीवर येत नसे. त्या दिवशी आली.

"मला बघू," ती म्हणाली.

साहेब चमकले. बाबांनी पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिनं बोट ठेवून तेविसावी ओळ वाचली. भिमाबाई आबाराव. पुढं चौकटी. दोन तारखेपासून ह, ह, ह. रविवार आणि संक्रांतीची सुट्टी. परत ह. एकवीस तारखेपर्यंत, म्हणजे गेली त्या सकाळपर्यंत, एकही चौकट मोकळी नाही. मग दुखवट्याचे पाच दिवस वर्ग नव्हता, त्या चौकटी कोऱ्या. आणि मग सत्तावीस, अठ्ठावीस, तीस: गै. गै. गै.

"ह्या तीन दिशी बी नाव घेतलं तुम्ही?" तिनं विचारलं.

बाबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. अंगणातून अयोध्या म्हणाली, "न्हाय. बावीसला थांबायचे. मग लिहायचे."

वहिनी पुस्तकाकडं बघत राहिली. "आत्याला काय शिकवलं?"

"लिहाय-वाचाय लागली व्हती," बाबा म्हणाले. "जोडाक्षरं राहिली."

तिनं पुस्तक परत दिलं आणि आत गेली. तिनं भांडी पुन्हा घासायला घेतली नाहीत. हे मला तिनंच सांगितलं. ती म्हणाली, मला त्या बाईचा इतका राग आला ताई, की रडू येईना. कोपरे लई हायत म्हणे.

*

ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. साहेब दोनदा घड्याळाकडं बघून झाले. आण्णांचं पान हातातच सुकलं.

"आबा," आण्णा म्हणाले. बाबांना अशी हाक मारणारे ते एकटेच उरले होते. "भिमा माझी बी भावजय व्हती. ती असती तर काय म्हनली असती? म्हनली असती, माझं नाव गेलं तर गेलं, तुमची पेन्शन राहू द्या."

"म्हनली असती," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "जाई, माझी पेटी आण."

ती पत्र्याची लहान पेटी मी जन्मापासून पाहत होते. निळी दौत, लाल दौत, दोन टाक, पट्टी, टिपकागद. मी ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी लाल दौतीचं झाकण फिरवलं. भाऊ खांबाला टेकून उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं, हा आता चालायला लागेल आणि उमरग्याशिवाय कुठं थांबणार नाही. साहेबांनी नकळत नि:श्वास टाकला.

बाबांनी आधी महिनाअखेर केली. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते करतात तशी. पट्टी ओळीखाली धरून एकेका नावासमोरचे हजर दिवस मोजले, शेवटच्या रकान्यात आकडा लिहिला. एक, दोन, तीन. अयोध्या धुळाप्पा, वीस. तिची एकही गैरहजेरी नव्हती. घाई नव्हती. आम्ही सगळे त्या टाकाचा आवाज ऐकत होतो. तेविसाव्या ओळीखाली त्यांनी पट्टी ठेवली, बोटानं मोजलं आणि लिहिलं, सतरा. मग टाक लाल शाईत बुडवला.

नावावरून रेघ गेली नाही. शेऱ्याच्या रकान्यात, जिथं जागा अगदी थोडी असते, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: एकवीस एक अठ्ठ्याहत्तर रोजी मयत. नाव कमी केले. खाली सही. टिपकागद दाबला.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "असं नाही. नाव दिसतंय अजून."

"दिसणारच."

"मी खोडा म्हटलं होतं."

"साहेब, तुम्ही नवीन अधिकारी झालात, त्या साली आमच्या शाळेची तपासणी केलीत. माझ्या पुस्तकात एका पोराचं नाव मी चुकून खोडलं व्हतं. तुम्ही शेरा मारलात. हजेरीपत्रकात खाडाखोड करू नये. मूळ नोंद वाचता आली पाहिजे." बाबांनी पुस्तक त्यांच्याकडं फिरवलं. "तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा असून मला त्या दिवशी वाईट वाटलं न्हाय. शेरा बरोबर व्हता."

महालिंगप्पा साहेबांनी त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मग मी तुम्हाला संपावर दाखवू?" त्यांनी विचारलं.

"मी संपावरच हाय."

"खंड धरतील."

"धरू द्या. मी एकटा न्हाय, एवढे लोक हायत. सकाळी पोरांना बसवतो ते मी बसवतो. त्याचा पगार मी मागितलेला न्हाय, अन् द्यायचा म्हनला तर घेणार न्हाय. पगार शाळेचा. तिला कुलूप हाय."

आण्णा उठले. पान त्यांनी अंगणात टाकलं. "माझी चार सालं," एवढंच म्हणाले आणि आपल्या घराकडं गेले. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत ते बाबांशी बोलले नाहीत.

साहेबांनी जाताना मायच्या फोटोला हात जोडले. फटफटी सुरू करण्यापूर्वी ते मला म्हणाले, "माझ्या पहिल्या नोकरीत मी महिनाभर ह्यांच्या घरी जेवलोय. आईंच्या हातचं." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण गाडीला किक बसली.

*

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "पगार घेतला नाहीत, ते झालं. पण उद्या मी काय सांगू? पुस्तक आहे हे साहेबाला कळलं म्हणजे उमरग्याला कळलं. ते विचारतील, हजेरी घेऊन वर्ग चालतो का? चालतो. मग तो संप मोडणं नव्हे का? मी काय म्हणू?"

"काय हाय ते सांग," बाबा म्हणाले.

"ते म्हणतील, बंद करा. मग तुम्ही बंद कराल?"

बाबांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. वहिनी भाकरी वाढत होती. तिनं भावाच्या ताटात भाकरी टाकली, मग क्षणभर तिथंच वाकून राहिली, काहीतरी मोजत असल्यासारखी.

सकाळी मी विहारात लवकर गेले. झाडून काढायचं होतं. दारात वीस-बावीस जोड्या चपला येऊन पडल्या. बाबांनी फेब्रुवारीचं पान उघडून नावं उतरवून घेतली होती. बावीस. तेविसाव्या ओळीवर त्यांनी काही लिहिलं नव्हतं. भाऊ उमरग्याच्या गाडीसाठी पिशवी घेऊन निघाला होता आणि लिंबाखाली थांबला होता. आत यायचं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

वहिनी आली. धाकट्याला तिनं माझ्या कडेवर दिलं. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि दारातूनच म्हणाली, "मामा, तेवीस नंबर मोकळा हाय का?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"माझं नाव घाला. चौथी झालीय, पुढचं राहिलंय." मग मागं वळून, नवऱ्याकडं न बघता, ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शाळेच्या हजेरीत मास्तरची सून नसती. हे घरचं पुस्तक हाय म्हनून सांगावं उमरग्याला. कुणी इचारलं तर नाव वाचून दाखवावं. साहेबाला बी आन् संघटनेला बी, आता हे कुणाच्याच कामाचं न्हाय."

"भाकरी?" बाबांनी विचारलं.

"दोन तास उशिरा झाली तर मरत न्हाय कुणी. ताई हायत की."

मी होते. त्या दिवसाची भाकरी मी केली, आणि ती करपली.

बाबांनी निळ्या दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं. मग पहिल्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली. बावीसनंतर ते थांबले. त्यांचं थांबणं मुलांना आता सवयीचं झालं होतं. कोणी वर पाहिलं नाही.

"चांगुणा बाबूराव."

वहिनी नुसतीच बसून राहिली. अयोध्यानं मान मागं वळवली आणि हळूच म्हणाली, "काकू, हजर म्हनायचं."

"हजर," वहिनी म्हणाली, जरा मोठ्यानंच.

लिंबाखाली भावानं पिशवी खांद्याला अडकवली. तो बसच्या रस्त्याला लागला. उमरग्याला दाखवायला पुस्तक न्यायचं असं रात्री त्याचं ठरलं होतं. पण ते आता घरचं पुस्तक होतं. त्यानं ते मागितलं नाही.